आडवं कपाट आणि ठकीचं गणित

सातवीच्या गणितात शंभरापैकी एकोणीस पडले तेव्हा ठकी "मला डोकंच नाही" असं जाहीर करून मोकळी झाली. टपाल कचेरीत कारकून असलेल्या तिच्या बाबांना हे सहन होईना. (त्यांना स्वतःला सातवीत एकवीस होते, पण ते घरात कोणाला माहीत नव्हतं.) पालकसभेत बाई म्हणाल्या होत्या, सूत्रं घोकून घेऊ नका, घरातलं खरं काम मुलांपुढे ठेवा, प्रश्न विचारा आणि मुलं काय म्हणतात ते ऐका. यातलं 'ऐका' सोडून बाबांनी सगळं मनावर घेतलं.

खरं काम तयारच होतं. आईची आई रविवारी संध्याकाळी कायमची राहायला येणार होती. तिच्या खोलीसाठी सुट्या फळ्यांचं कपाट आलं होतं. जोडायला मी येतो, असं सुतार म्हणाला. बाबांनी त्याला ऐटीत वाटेला लावलं.

ठकीने मापं घेतली. छत आठ फुटांवर, कपाट सात फूट दहा इंच उंच आणि दोन फूट खोल. मावेल का, असं बाबांनी विचारलं. ठकीने आडवा खोडरबर हळूहळू उभा केला आणि त्याच्या कोपऱ्याकडे बघत राहिली. मग वहीत काहीतरी खरडलं.

"बाबा, हे आडवं जोडू नका. उभं करताना कोपरा वर जाईल. तिरकं माप आठ फूट एक इंच येतंय."

"सात-दहा मोठे की आठ?"

"आठ. पण..."

"मग झालं तर."

ठकीने वही मिटली. डोकं नाही ते नाहीच, असा तिचा चेहरा झाला.

दोन तास खपून बाबांनी कपाट जमिनीवर आडवं जोडलं. (स्क्रूंवर भरवसा नको, म्हणून सांध्यांत गोंदही ओतला.) मग सगळ्यांनी मिळून ते उचललं. कोपरा छताला जाऊन टेकला आणि गिलाव्याचा पोपडा बाबांच्या टकलावर पडला. आई म्हणाली, आता एक तर छत उचला, नाहीतर हट्ट सोडा.

बाबा पांढऱ्या डोक्याने जमिनीवर बसले. "ठके, पुन्हा सांग. मी मध्ये बोलत नाही."

ठकीने वही उघडली, खोडरबर काढला आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. शेवटी बाईंसारखं विचारलं, "समजलं, की परत सांगू?"

"परत," बाबा म्हणाले.

तिसऱ्यांदा सांगणं चालू असताना आजी आली. खोली बघून, आडव्या कपाटावर स्वतःची वळकटी उलगडून ती पसरली.

"जावईबापू, पलंग भक्कम केलात," ती म्हणाली. "पण याला मुठी कशाला लावल्यात? पाठीला टोचतात."