एक्केचाळीस हजेऱ्या

बसल्या जागी झोपण्यात माझा हात कोणी धरू शकणार नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. रेकॉर्ड विभागात बावीस वर्षं काढल्यावर माणसाला दुसरं काही येवो न येवो, हे येतंच. म्हणूनच साहेबांनी मला क्लाउड कॉम्प्युटिंगच्या दोन दिवसांच्या परिषदेला पाठवायचं ठरवलं, तेव्हा मी वरवर तोंड पाडलं आणि मनातल्या मनात उडी मारली!

"साहेब, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"म्हणूनच जा. आपल्या सगळ्या फायली आता तिकडे न्यायच्या आहेत. सहा व्याख्यानांची हजेरी लावा, प्रमाणपत्र आणा, की तुमच्या चार दिवसांच्या रजेवर सही करतो."

त्या रजेत माझा सगळा जीव अडकला होता. लेकीला मुलगा होऊन तीन महिने झाले, आणि या आजोबांनी नातवाला अजून फक्त फोनवर पाहिलेलं! वर्षअखेरीच्या कामापायी आठ आठवडे रविवारसुद्धा मिळाला नव्हता. बायकोनं बॅग भरून दाराशी ठेवली होती आणि येता-जाता मी त्या बॅगेला अडखळत होतो.

"अहो, या शनिवारी गाडीत बसायचं म्हणजे बसायचं!" बायकोनं बजावलं.

माझ्याबरोबर आमच्याच विभागातला भिंगरी होता. त्याला एका जागी बसवत नाही, म्हणून हे नाव. परिषदेच्या दारातच दोघांच्या गळ्यात एकेक कार्ड अडकवलं गेलं. सभागृहात शिरताना ते यंत्राला दाखवायचं. 'टुईं' वाजलं की लागली हजेरी! मी बाहेरच्या कोपऱ्यात एक लांबलचक सोफा हेरला आणि कार्ड काढून भिंगरीच्या हातात दिलं. आमच्या ऑफिसात जो आधी पोचतो तो दोघांचंही कार्ड पंच करतो. बावीस वर्षांत यात कुणाला काही वावगं वाटलेलं नाही.

"सहा टुईं करून आण. मी इथंच आहे."

"बिनधास्त झोप रे!" म्हणत भिंगरी गेलासुद्धा.

डोळा लागतो न लागतो तोच फोन वाजला.

"सर, आपण आमच्या स्टॉलवर स्वारस्य दाखवलंत! आपला डेटा कधी हलवायचा?"

"सोमवारी बघू," म्हणून मी कूस बदलली. परत फोन. दुसरी कंपनी. "सोमवारी या." परत फोन! दोन दिवसांत असे सात फोन आले आणि सातही जणांना मी सोमवार देऊन टाकला. झोपेत माणूस फार उदार होतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भिंगरी दोन्ही खांद्यांना फुगलेल्या पिशव्या लटकावून आला.

"हे काय?"

"अरे, स्टॉलवर कार्ड दाखवलं की त्यांना आपला फोन नंबर मिळतो, मग पेन, बाटली, टोपी, काहीतरी देतात. माझ्या कार्डावर एक, तुझ्या कार्डावर एक!"

"आणि माझी सहा व्याख्यानं?"

"सहा कसली? माझी सहा झाल्यावर मी थांबलो, पण एकही सोडलं नाही तुझं! साडेअकराला दोन सभागृहांत एकदम व्याख्यानं होती. मग काय, पळत जाऊन दोन्हीकडे लावलं!"

मी डोकं धरणार, तेवढ्यात समारोपाच्या सभागृहातून लाउडस्पीकरवर माझंच नाव ऐकू आलं. भिंगरीनं मला ढकलत आत नेलं.

"दोन हजार माणसांत सगळ्यात जास्त हजेऱ्या यांच्या! एक्केचाळीस!" निवेदक ओरडत होता. "एकाच वेळी दोन सभागृहांत हजर! आणि तुमच्यापैकी एकालाही हे कुठं दिसले नाहीत!"

मी व्यासपीठावर चढलो. गालावर सोफ्याच्या शिवणीचा वळ होता. पहिल्या रांगेत साहेब बसलेले, खास समारोपाला आलेले! निवेदकानं माईक पुढे केला. "सर, कसं जमवलंत हे?"

खोटं बोलायलाही अंगात त्राण लागतं. ते माझ्यात उरलं नव्हतं.

"खरं सांगू? मी काहीच केलं नाही. सगळं दुसऱ्यानंच केलं. मी नुसता पडून होतो."

निवेदक टुणकन उडाला. "वा! आपण नुसतं पडून राहायचं आणि काम दुसरीकडेच कुठंतरी होत राहतं! क्लाउड म्हणजे काय, हे इतक्या सोप्या शब्दांत दोन दिवसांत कुणी सांगितलं नाही!"

टाळ्यांचा कडकडाट! साहेब तर उभे राहून वाजवत होते. मी खाली उतरताच त्यांनी माझा हात धरला.

"मी तुम्हाला ओळखलंच नव्हतं हो! फायली हलवण्याच्या कामाचे प्रमुख आजपासून तुम्ही. सोमवारी सात कंपन्यांना बोलावलंयत म्हणे? स्टॉलवाले सांगत होते."

"साहेब, माझी रजा... तो नातू..."

"नातू कुठं पळून जातोय? वर्षभराचं काम आहे. ते झालं की बघू."

फोनवर बायको म्हणाली, "प्रमुख झालात, छान झालं. तुमचे कपडे बॅगेतून काढून पलंगावर ठेवलेत." शनिवारी ती एकटीच गेली. मला खरंच रडू येत होतं, पण रडायलाही बसून घ्यावं लागतं आणि बसलो की झोप लागत होती.

सोमवारी नव्या टेबलावर सहीसाठी पहिला कागद आला तो भिंगरीच्या रजेचा अर्ज! चार दिवस. कारण, परिषदेतील अतिश्रम. खाली साहेबांचा शेरा होता: 'कर्मचारी खरोखर दमलेले दिसतात. प्रमुखांनी मंजुरी द्यावी.'

मी मुकाट्यानं सही केली. करणार काय? तो दोन दिवस पळतच होता, आणि मी झोपलो होतो हे कुठल्या तोंडानं सांगणार?