गप्प बसलं की फोन मरतो

नालवाडीच्या वासुदेवराव किराणावाल्यांना एकदा सांगितलेली गोष्ट पुन्हा सांगावी लागत नाही, असं ते स्वतःच सांगत. त्यामुळे २००६ साली पुतण्या पियुषने घरात इंटरनेटच्या फोनचा डबा बसवला, तेव्हा त्यांनी त्याचं बोलणं अर्ध्यातच तोडलं.

"काकाजी, फोन गप्प राह्यला का मधातलं मशीन समजते, घरी कोणी नाई. मंग ते रस्ताच बंद करते. म्हून..."

"समजलं. बोलत राह्यलं पाह्यजे."

म्हणून डबाच मधूनमधून 'मी आहे' असं कळवतो, प्रत्येक कंपनीची पद्धत निराळी होती, आता सगळ्यांसाठी एकच नियम ठरतोय, हे पियुष पुढे सांगत राहिला. त्यातलं 'एकच नियम' तेवढं काकांना पटलं. आठवडाभरात घरातही ज्याची त्याची पद्धत निराळी झाली: फोन जागा ठेवायला ते स्वतः खोकू लागले आणि पत्नी देवकाबाई अडकित्ता वाजवू लागल्या. तेव्हा काकांनी फर्मान काढलं: फोनवर शांतता पडली की जवळ असेल त्याने घरची खबर सांगायची.

अशात लेकीची, गुंजनची, पुण्याच्या कंपनीतल्या नोकरीसाठी फोनवरच मुलाखत ठरली. ही नोकरी तिला हवीच होती.

"बाबा, तुम्ही दुकानात जा न."

"अन् लाइन कोण सांभाळन?" स्पीकरचं बटण दाबून ते शेजारीच खुर्ची टाकून बसले.

मुलाखत घेणाऱ्या मंजुषा मॅडमचा पहिला प्रश्न गुंजनने झक्क परतवला. दुसरा अवघड निघाला. ती विचारात पडली, पलीकडेही शांतता. वासुदेवराव फोनकडे झुकले.

"मॅडम, पोरगी हुशार आहे. सकाळी उठवा लागते, तेवढंच."

पलीकडून शब्द नाही.

"कारंज्याच्या बाबारावच्या पोराचं स्थळ आलं आहे. दिवाळीनंतर उरकून टाकू म्हणतो."

गुंजनला हे आत्ताच कळत होतं. तिने बापाकडे असं पाहिलं की आता अलीकडची बाजूही साफ बंद पडली. वासुदेवरावांनी फोन दोन्ही हातांनी धरला.

"नाई मॅडम, पक्कं काई नाई! इंटरनेटच्या डब्याची लाइन तुटन, बोला न. तीन वर्षं लग्नाचं नाव नाई काढत. बाबारावले मीच नाई म्हणतो."

"नक्की ना, काका?" मंजुषाबाईंना अखेर वाचा फुटली. "आमचा करार तीन वर्षांचाच असतो. आणि लाइनची काळजी सोडा, डबा आपली हजेरी आपणच लावतो."

"मंग तुम्ही इतका वेळ गप्प काऊन होत्या?"

"तुम्ही सांगत होता ते लिहून घेत होते."

गुंजनला नोकरी लागली. कारंज्याला नकार कळवायला मात्र वासुदेवराव एस.टी.ने गेले. फोनवर बाबाराव गप्प बसले असते, तर आपण काय काय कबूल करून बसलो असतो, याचा त्यांना भरवसा वाटेना.