बिनखांद्याचा झगा

कपड्याचं चित्र दाखवा, मी कपडा शिवून देते, असं मी अडतीस साली सगळ्या गल्लीला सांगत असे. आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. परकर-पोलकी, मुलींची झबली, यांचा ऑफिसचा कोट, सगळं माझ्या मशीनवर झालेलं. हे रेल्वेच्या माल-ऑफिसात कारकून. तिथं यांनी माझं कौतुक केलं आणि ते गार्डसाहेबाच्या मुलीच्या कानावर गेलं.

तिचं नाव ग्लॅडिस. नाताळाच्या आठवडाभर आधी ती निळं साटीन आणि विलायती मासिकातलं एक चित्र घेऊन आली. शुक्रवारी रेल्वेच्या क्लबात नाच होता आणि तिचं लग्न ज्याच्याशी जमलं होतं तो मुलगा मुंबईहून येणार होता. साटीन त्यानंच पाठवलेलं.

चित्र मी उलटसुलट करून पाहिलं. बाईच्या अंगावर पायघोळ झगा होता, पण काखेच्या वर काहीच नव्हतं. बाही नाही, खांदा नाही, साधी पट्टीसुद्धा नाही.

"खांदे कुठं आहेत?" मी विचारलं.

"कंधा नहीं रहता, आंटी. येईच फॅशन है."

"मग हा राहतो कशावर?"

ग्लॅडिसनं चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "वो आपको मालूम होगा ना?"

मला मालूम नव्हतं. तसं तिथंच सांगितलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. मी म्हटलं, "त्यात काय, होऊन जाईल."

मंगळवारी ती अंगावर घालून पाहायला आली. झगा तिनं दोन्ही हातांनी छातीशी धरला होता तोवर हुबेहूब चित्रासारखा दिसला. मी म्हटलं, आता हात सोड. तिनं सोडले आणि झगा विहिरीत पोहरा जावा तसा सरळ खाली गेला. आत लांब शमीज होती म्हणून बरं.

"कच्ची शिलाई आहे," मी म्हणाले. "पक्की झाली की राहतो."

तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. ते आठवलं की मला अजून मान वर करवत नाही.

शेजारी काशम्माच्या घरी हातमाग होता. मी तिला माझी अडचण सांगितली. ती म्हणाली, "खळ लावा, अम्मा. आमी सुताला लावतो की. सूत काडीसारखं ताठ होतंय." मागाच्या सुताला लावायची ती तांदळाची पेज तिनं तांब्याभर आणून दिली. मी ती अस्तराला तीन वेळा चोपडली आणि झगा गच्चीवर वाळत टाकला. गुरुवारी दुपारी पाहते तर तो कुणाच्याही आधाराशिवाय उभा राहिला. माणूस आत नसताना.

ग्लॅडिस चारला यायची होती. अंगावर राहतो की नाही ते आधी पाहायला हवं, असं मी काशम्माला सांगितलं. खरं कारण निराळं होतं. मला तो घालून पाहायचा होता. तिनं पाठीमागचे बावीस हूक ओढून ओढून लावले आणि माग बंद पडलाय म्हणून मागच्या दारानं निघून गेली.

मी आरशासमोर उभी राहिले. तीन मुलांची आई, वय वर्षं तेहतीस, उघडे खांदे. मी मान जरा तिरकी केली. चित्रातली बाई करते तसा एक हात कमरेवर ठेवला. झगा हलला नाही. मी दोनदा खोलीतून इकडून तिकडे चालले, आणि मग लक्षात आलं की हूक माझे मला काढता येत नाहीत. वाकताही येत नव्हतं.

इतक्यात पुढच्या दारातून कमलम्मा आत आल्या. समोरच्या कापड दुकानदारांच्या या बायको, मनानं फार चांगल्या. मुलीच्या लग्नाचं बोलावणं करायला आल्या होत्या. मी पलंगावरची शाल ओढून गळ्यापासून पायापर्यंत गुंडाळून घेतली.

"काय झालं, अक्का? अशा का उभ्या हाय?"

"थंडी वाजतेय. ताप आहे."

"मग बसा की."

"बसवत नाही."

त्यांनी मायेनं माझे खांदे धरून मला पलंगावर बसवलं. अस्तरातली खळ कडकड वाजली.

"अय्यो," कमलम्मा म्हणाल्या. "हाडं वाजतात. ह्यो तर वात हाय."

मी नको नको म्हणेपर्यंत त्या चुलीवरच्या ऊन पाण्यात पंचा बुडवून आल्या आणि शालीवरूनच माझी पाठ शेकू लागल्या. एकदा, दोनदा, पाच वेळा. पाणी आत झिरपलं. खळ सुटली. मला पाठीवरून काहीतरी बुळबुळीत ओघळताना कळत होतं आणि आंबूस वास सुटला होता.

कमलम्मांचा हात चिकट झाला. त्यांनी तो हुंगला आणि त्यांचा चेहरा उतरला. "अक्का, गळू फुटलंय. बघू द्या," म्हणून त्यांनी शाल ओढली.

त्याच वेळी हे ग्लॅडिसला घेऊन दारात उभे राहिले.

मी दोन्ही हातांनी झगा छातीशी धरून बसले होते, मंगळवारी ती उभी होती तशीच. यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि अंगणात जाऊन पाठमोरे उभे राहिले.

"आंटी," ग्लॅडिस हळूच म्हणाली, "ये तो मेरा है." तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

ओरडली असती तर बरं झालं असतं. मी तिला सगळं सांगितलं. झगा कशावर राहतो ते मला पहिल्या दिवसापासून माहीत नव्हतं, आणि घालून मी माझ्याच हौसेनं पाहिला.

"तो पैलेच बोलनेका ना," ती म्हणाली.

झगा धुतला, सावलीत वाळवला, शुक्रवारी सकाळी इस्त्री केली आणि उरलेल्या साटीनच्या दोन पट्ट्या खांद्यांवर बसवल्या. काम पाऊण तासाचं होतं. ग्लॅडिसनं अंगावर घालून हात सोडले. झगा राहिला. ती हसली नाही, पण जाताना थँक्यू म्हणाली.

कमलम्मांनी मात्र झाल्या गोष्टीची कुठं वाच्यता केली नाही. कुणी विचारलंच तर त्या सांगत, "तापात होत्या हो बिचाऱ्या. तापात माणसाला काय घातलं, काय न्हाय, कळतंय व्हय?" आणि ताप खरा वाटावा म्हणून म्हणा, की त्यांना तो खराच वाटला म्हणून म्हणा, रोज सकाळी वाटीभर कडू काढा घेऊन त्या स्वतः यायच्या आणि संपेपर्यंत समोर बसायच्या.

अकरा दिवस मी तो मुकाट्यानं प्याले.