लपणारा जामीनदार

कर्जदाराने जामीनदाराला टाळावं, ही जगरहाटी. आमच्या भिवंडीत मात्र जामीनदारच कर्जदाराला पाहून पळतो. त्यांचं नाव मुनीरचाचा. गल्लीच्या टोकाला त्यांचा छोटा लूमचा कारखाना आहे आणि इंजिनिअरिंगसाठी मी काढलेल्या शैक्षणिक कर्जाच्या कागदांवर त्यांची सही आहे. गल्लीतल्या आणखी काही पोरांनाही ते जामीन राहिलेत. सख्खे नातेवाईक चष्मा विसरल्याचं सांगून उठले, तेव्हा चाचा स्वतःचं पेन घेऊन बँकेत हजर. सही करताना एकच वाक्य: "सही माझी, डोकं तुझं."

सही झाली आणि चाचा गायब. म्हणजे असायचे इथेच, पण मी दिसले की आडोसा शोधायचे. कधी कापडाच्या गाठींनी भरलेल्या टेम्पोमागे, कधी पेपरमागे. एकदा तर लेडीज टेलरच्या दुकानात शिरले. मीही हट्टाने बाहेर उभी राहिले. शेवटी चाचा गुलाबी लेस विकत घेऊन बाहेर आले आणि आभाळाकडे बघत निघून गेले. चाची जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे लेस कोणासाठी, हे कोडं टेलरला अजून सुटलेलं नाही.

मला वाटायचं, सही करून पस्तावले असतील. कॉलेजात आम्ही दोघी मैत्रिणी एका वडापाववर दुपार काढायचो, झेरॉक्सची झेरॉक्स काढून अभ्यास करायचो, संध्याकाळी मी शिकवण्या घ्यायचे. तरी कधी जिवाची चैन म्हणून पाणीपुरी खाताना चाचा दिसले, की घास घशातच अडकायचा.

पुढे पदवी मिळाली, नोकरीही लागली आणि यंदा ती कंपनीच बुडाली. मानकोलीच्या गोदामात पॅकिंगचं काम धरलं, पण पगार हातात यायच्या आत हप्ते थकले. आता बँक चाचांना धरणार. मेल्याहून मेल्यासारखं झालं. लपायची पाळी माझी होती. पण आई म्हणाली, "त्यांच्या घरावर आलं तर आपल्याला तोंड दाखवाया जागा हाय का? जा, सांगून ये."

आधी कोपऱ्यावरच्या टपरीवर गेले. तिथे चाचांची रोजची बैठक असायची.

"अब कहाँ आते हैं?" चहावाला म्हणाला. "बोलते हैं, बच्चे लोग इधर बैठते हैं. मुझे देखेंगे तो हप्ता याद आएगा, चाय कडवी हो जाएगी."

माझा अडकलेला घास त्यांनी पाहिला होता तर.

तशीच कारखान्यात गेले. कामगार जेवायला गेले होते, लूम बंद होते. चाचा एकटेच चहा पीत बसले होते. मला पाहून उठले, पण मागे भिंत होती.

"चाचा, हप्ते थकलेत."

"मालूम हाय. बँकेला बोललो, पोरगी देणार. थोडा टाइम द्या."

"आणि नाही जमलं तर?"

"मी हाय ना! सही काय शोभेसाठी केली?"

मला रडू फुटलं. चाचा घाबरले. "अगं, बस, बस. पण बँकेचं नाव नको काढू. कुठं सापडलो की सगळी पोरं हप्त्याचंच बोलतात. दुसरं कोण काय सांगतच न्हाय मला." मग हळूच म्हणाले, "तुझ्या आईचा गुडघा कसा हाय?"

मी सांगू लागले. चाचांनी स्टूल पुढे ओढलं, बशीत चहा ओतून माझ्यापुढे केला. गुडघ्याचं सगळं सांगून झालं, तरी चाचा ऐकतच होते. मग मी आईची धडधाकट कंबरही दुखायला लावली.