गुलाबरावची डबी

लग्नाच्या मांडवात शिरला की गुलाबराव आधी नवरा-नवरीकडे जात नाही. लाऊडस्पीकरवाल्याकडे जातो आणि न विचारता आवाज कमी करतो. माझ्या मुलीच्या लग्नात त्यानं मंगलाष्टकं निम्म्यावर आणली. मागच्या लोकांनी अंदाजानंच अक्षता फेकल्या.

"काहून केलं बे?" मी चिडलो.

"आवाज फाटून राह्यला होता. फुल नोको करू शंकर, फुल केलं का वाकडं निंगते."

हे वाक्य मी नोकरीभर ऐकलं. माझ्या बायकोलाही तो एकदा म्हणाला, "वहिनी, तिखट फुल केलं." तेव्हापासून आमच्याकडे त्याला नुसता चहा.

शेलूबाजारजवळच्या मायक्रोवेव्ह स्टेशनवर आम्ही दोघं टेक्निशियन. टॉवरवरून कारंजाकडे एकाच वेळी कितीतरी फोन जायचे. सिग्नलला जोर द्यायचं काम अ‍ॅम्प्लिफायरचं. त्याला फार ताणलं की सिग्नल वाकडा होतो आणि एकाच्या बोलण्यात दुसऱ्याचं बोलणं खरखरतं. त्यावर गुलाबरावनं स्वतः एक डबी बनवली. ती अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी बसायची.

"मशीन इकडे वाकवते ना? मंग आपण आंधीच तिकडे वाकवून देऊ. सरळ निंगते."

डबीचा स्क्रू तो केसभर फिरवायचा, मीटर बघायचा, परत केसभर उलटा. जेवायला हाक मारली की, "थांब, सिग्नलात अजून कचरा आहे." माझी भाकर वाळून पापड व्हायची.

आता जे कुणाला सांगितलं नाही ते लिहितो.

साहेब तपासणीला आले त्या दिवशी गुलाबराव सामान आणायला वाशीमला गेला होता. मीटरचा काटा वर दिसावा म्हणून मी अ‍ॅम्प्लिफायरची पॉवर फुल केली. तासाभरात कारंजाहून तक्रारी आल्या. साहेबांनी विचारलं, तर माझ्या तोंडून निघालं, "गुलाबरावच्या डबीमुळे असंल." मी डबी काढली आणि त्याच हातानं, साहेबांची पाठ असताना, पॉवर खाली आणली. तक्रारी थांबल्या. दोष डबीचा ठरला. गुलाबरावला स्टोअररूममध्ये बसवलं, त्याची खुर्ची मला मिळाली. तो एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, त्याला कळलंय आणि तो मला माफ करतोय.

गेल्या महिन्यात त्याच्या घरी गेलो. बायको गेल्यापासून तो एकटाच असतो. खाटेवर तीच डबी उघडी पडलेली, शेजारी आकृत्यांनी भरलेल्या वह्यांची चळत. मी खाली मान घालून सगळं सांगितलं.

त्यानं डबी हातात घेतली. मग म्हणाला, "फुल केलं होतं?"

"हो."

"म्हंजे डबी बराबर होती?"

"बराबर होती."

"मले वाटे, माहीच चूक झाली." त्यानं वह्यांकडे बोट दाखवलं. "तेच शोधून राह्यलो होतो इतकी वर्सं."

मला तो शिव्या देईल, हाकलून देईल असं वाटलं होतं. त्यानं डबीचं झाकण लावलं, ती धोतरानं पुसली आणि फळीवर ठेवली. मग खाटेवरच्या रिकाम्या जागेकडे बघत बसला.

"आता संध्याकायी काय करू म्या?"

निघालो तर दारापर्यंत आला.

"उद्या येजो शंकर. येतानी एखादी चूक घेऊन येजो."