जागा बदलून बघ

आमच्या खालच्या मजल्यावरचे निमकरकाका नमस्काराला उत्तर देत नसत. तुम्ही गाडीतून आलात तर मुळीच नाही. हात वर करून ते तुम्हाला गप्प करत, मान तिरकी करून इंजिन ऐकत, आणि मग एक तर "बिल्कुल" म्हणत, म्हणजे अगदी ठीक, नाहीतर "मिसिंग". बिल्कुल मिळालेली माणसं आमच्या सोसायटीत फार थोडी होती.

इंजिनातला एखादा सिलिंडर ठिणगी चुकवायला लागला आणि गाडी उचकी लागल्यासारखी चालायला लागली, की दिल्लीकडचे मेकॅनिक म्हणतात, "गाडी मिसिंग मार रही है." काकांनी हा शब्द उचलला आणि सगळ्या जगाला लावला. सोसायटीच्या लिफ्टला मिसिंग होतं, सेक्रेटरीच्या भाषणाला मिसिंग होतं, माझ्या आमटीलाही एकदा होतं. गुडगावात तेव्हा शेतं जाऊन टॉवर उभे राहत होते आणि घराघरात पहिली गाडी येत होती. त्यामुळे काकांच्या कानांना काम भरपूर.

फरीदाबादच्या एका कारखान्यात त्यांनी आयुष्यभर तपासणी खात्यात काढलं होतं. तिथून ते एकच तत्त्व घेऊन निवृत्त झाले: "अंदाज करू नकोस. जागा बदलून बघ." आमच्या टीव्हीवर मुंग्या यायला लागल्या तेव्हा ते स्वतःचा टीव्ही उचलून वर घेऊन आले आणि आमचा खाली घेऊन गेले. आमच्या टीव्हीवर त्यांच्याकडे चित्र स्वच्छ दिसलं, त्यांच्या टीव्हीवर आमच्याकडे मुंग्या. "वायरमध्ये आहे," ते समाधानानं म्हणाले. माझी आणि शिरीषची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, खडाजंगी एकदा खालपर्यंत ऐकू गेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला पलंगाच्या बाजू बदलून झोपायला सांगितलं. भांडण कायम राहिलं. "म्हणजे पलंग ठीक आहे," काका म्हणाले.

काकांची बायको, सुमतीकाकू, वारल्यावर मात्र त्यांची मुलगी मनीषा पुण्याहून मला वरचेवर फोन करायला लागली. "अंजली, तू तरी सांग ना बाबांना. इकडे या म्हटलं की म्हणतात, गाडी चालू आहे. एवढंच." मी सांगून बघायची. काका इंजिनाचा विषय काढायचे.

अशात आमच्याच गाडीनं मान टाकली. सिग्नलला थांबली की थरथरायची, चढावर दम सोडायची, डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकायचा. वर्कशॉपवाल्यांनी सगळे प्लग बदलले. शिरीष म्हणाला, पेट्रोलच खराब आहे. मी काकांना हाक मारली.

एका रविवारी सकाळी त्यांनी बॉनेट उघडून मला शेजारी उभं केलं. "पूर्वी एकच कॉइल सगळ्यांना ठिणगी द्यायची. आता प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर स्वतःची वेगळी. अच्छा, आता ऐक." इंजिन चालू ठेवून ते एकेका कॉइलची तार काढून परत लावू लागले. तार काढली की इंजिन आणखी लंगडायचं. तिसऱ्या कॉइलची काढली तर काहीच फरक पडेना. "हा सिलिंडर आधीपासूनच सुट्टीवर आहे. पण दोष सिलिंडरचा का कॉइलचा?" त्यांनी इंजिन बंद केलं, तिसरी कॉइल दुसरीच्या जागी बसवली, दुसरी तिसरीच्या, आणि पुन्हा सगळं ऐकलं. आता दुसरा सिलिंडर सुट्टीवर गेला होता. "दोष कॉइलबरोबर गेला. म्हणजे कॉइलच मेली. चलो, स्वस्तात सुटलीस."

मला इतकं हायसं वाटलं, की मी त्यांना चहा द्यायला त्यांच्याच स्वयंपाकघरात शिरले. बघते तर पलंग स्वयंपाकघराच्या दाराशी. महिन्याभरापूर्वी तो हॉलमध्ये होता, त्याआधी बाल्कनीलगतच्या खोलीत. आम्हाला वाटायचं, काकांना साफसफाईचं वेड लागलंय.

"काका, पलंग इथे?"

"झोप मिसिंग मारते गं," ते कपाकडे बघत म्हणाले. "म्हणून जागा बदलून बघतोय. कुठेही नेला तरी मिसिंग बरोबर येतंय."

"मग पुण्याला जाऊन बघा ना."

त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट टेकवलं. "आणि तिथेही आलं तर? मग सिद्धच झालं ना, की कॉइल मेली."

मला त्यांचाच राग आला. "काका, तुम्ही एकाच सिलिंडरवर कॉइल गोल गोल फिरवताय," मी म्हटलं. "खोली कुठलीही असली तरी घर काकूंचंच आहे. याला तुम्ही तपासणी म्हणता?"

काकांनी मान तिरकी केली. गाडी ऐकावी तसं ते माझं बोलणं पुन्हा मनात ऐकत होते. मग हळूच म्हणाले, "बिल्कुल." मला मिळालेलं ते पहिलं बिल्कुल.

त्याच आठवड्यात ते पुण्याला गेले. आमच्या गाडीत नवी कॉइल बसली, गाडी लोण्यासारखी चालायला लागली, पण माझा जीव फोनकडे लागला होता. अखेर फोन आला.

"अंजली, मिसिंग तिकडेच राहिलं. नात झोपेत लाथा मारते, तरी थेट सकाळी जाग येते."

मी जिन्यात होते, तिथेच थांबले. इतका आनंद मला गाडी घेतानाही झाला नव्हता. आणि तो ओसरायच्या आधीच त्यांच्या दाराला लावलेलं कुलूप दिसलं. आता गाडी लावताना मला कुणी हात वर करून गप्प करत नव्हतं.

"काका," मी म्हटलं, "आता इकडे मिसिंग आहे."

"कुठल्या सिलिंडरला?" त्यांनी लगेच विचारलं.

"खालच्या मजल्यावरच्या."



"अच्छा," ते म्हणाले. "दिवाळीनंतर येऊन ऐकतो. तोवर कुणाला हात लावू देऊ नकोस."