आधी चाल बघूया

तात्या मेस्त नवा व्हिडिओ गेम लावतात आणि पहिला अर्धा तास त्यातल्या बाईला नुसतं चालवतात. गाव जळत असतं, राक्षस दारात येऊन उभा असतो, आणि ती बिचारी तात्यांच्या हुकमावरून भिंतीपासून विहिरीपर्यंत जाते आणि परत येते. "लढतली मगे. आदी चाल बघूया," तात्या म्हणतात. तेवढ्यात राक्षस तिला मारतो. तात्या शांतपणे तिला पुन्हा पहिल्यापासून चालवायला घेतात.

तात्या माझे शेजारी, वय बहात्तर. मी वेंगुर्ल्यात हायस्कूलला भूगोल शिकवते, म्हणून मला बाई म्हणतात. दशावतारात बाईचं काम पुरुष करतो आणि त्याला स्त्रीपार्टी म्हणतात. तात्यांनी तीस वर्षं तेच केलं. या भागातल्या जत्रांतून त्यांनी किती राण्या उभ्या केल्या याला गणती नाही. मग गुडघे गेले आणि साड्या ट्रंकेत गेल्या. मुंबईच्या पुतण्याने त्याचं जुनं गेमचं यंत्र आणून टीव्हीला जोडून दिलं, ते आजतागायत चालू आहे.

अट एकच. लढणारी बाई हवी. पुतण्याने एकदा पुरुषाचा गेम पाठवला, तो अजून शोकेसमध्ये काचेआड आहे.

प्रत्येक बाईसाठी वहीत एक पान. डावीकडे गुण, उजवीकडे दोष. बोलणं मालवणी असलं तरी वहीत तात्या शाळेतली मराठी लिहितात. तलवारवाल्या एका राणीच्या पानावर गुण असा: "कोणी वाचवायला येईल म्हणून थांबत नाही." आणि दोष: "चिलखत छातीला आहे, पोट उघडे. बाण मारणारे आंधळे आहेत काय?" बर्फातल्या शिकारणीबद्दल: "दमते, बसते, धाप ऐकू येते, हे उत्तम. परंतु अख्ख्या खेळात एक मैत्रीण नाही. बाईमाणूस इतके दिवस कोणाशी न बोलता राहील?"

एका गेममधली मुलगी हरवलेल्या भावाला शोधत असते. हातात शस्त्र येतं ते अगदी शेवटी, निम्मा वेळ टेबलाखाली लपलेली. मी म्हटलं, "तात्या, ही नुसतीच घाबरते. त्यापेक्षा ती राणी बरी."

"राणीक भीतीच नाय, बाई. मगे ता शूरपण कसला? ह्या चेडू घाबरता आणि तरी दार उघडता." मग म्हणाले, "राणीक रडाक येणा नाय. रडाक येणा नाय ती स्त्रीपार्टी कसली?"

मी खरीखुरी बाई समोर बसलेली, पण माझ्या मताला या घरात फारशी किंमत नाही. "तुमी चलतास बऱ्या," मला एकदा सांगितलं गेलं, "पण वळतास पोलिसासारक्या." तेव्हापासून वर्गात फळ्याकडे वळताना मला धाकधूक वाटते.

मला खरं कोडं होतं ते शेवटाचं. गेम संपला की तो बनवणाऱ्यांची नावं इंग्रजीत वर सरकत जातात. शेकडो नावं. जगात ती कोणी बघत नाही. तात्या मात्र चष्मा पुसून टीव्हीला नाक लावून बसतात, मांडीवर प्लास्टिकमध्ये घातलेला एक कागद, आणि एकदा पडद्याकडे, एकदा कागदाकडे बघतात. इंग्रजीचं एक अक्षर त्यांना येत नाही. त्या वेळी मी चहा आणला तरी हात नुसता हलतो, बाजूला ठेवा म्हणून.

गेल्या महिन्यात मी सरळ विचारलं. त्यांनी कागद माझ्या हातात दिला. त्यांच्या मुलीची, उल्काची, दहावीची गुणपत्रिका होती, तिचं नाव इंग्रजीत छापलेली.

पंधराव्या वर्षी उल्काने बापाला विचारलं होतं, मी उभी राहू दशावतारात? तात्या म्हणाले, बायकांनी नाय. साडी नेसून, कुंकू लावून, आरशासमोर बसून म्हणाले. तिने पुन्हा विचारलं नाही. पुण्याला जाऊन संगणकावर हलती चित्रं काढायला शिकली, आता गेमच्या कंपनीत आहे. चतुर्थीला येते, पाया पडते, दोन दिवसांनी जाते. चार वर्षांपूर्वी तात्यांनी विचारलं, तुझो गेम खंयचो गो? ती म्हणाली, "त्यात बाई लढता. तुमका बाईची चाल कळता ना, बाबा? मगे वळखून काढा."

"वळखूक होया ना," तात्या मला म्हणाले. "आणि डोळो चुकलो तर नाव जुळवून बघूचा."

मग वाळवंटातल्या एका लुटारणीचा गेम आला. तात्यांनी तिला चालवलं. तलवार काढायच्या आधी तिचा डावा हात कमरेला गेला, खोचलेला पदर चाचपावा तसा. तिच्या अंगात चामड्याची विजार होती, पदर कुठून येणार? तात्यांनी हातातलं खाली ठेवलं.

चाल ओळखली, तरी नाव जुळवायला गेम पुरा करणं भाग होतं. आठ दिवस लागले. रविवारी सकाळी नावं सुरू झाली तेव्हा मी शेजारी बसले होते. गुणपत्रिकेतल्या नावाशी जुळणारी एक ओळ आली आणि त्यांनी बटण दाबून ती थांबवली. तीन शब्द होते.

"मधी काय लिवलाहा, बाई?"

"वासुदेव," मी म्हटलं. तात्यांचं नाव.

त्यांनी वही उघडली. गुणांची बाजू कोरीच ठेवली, दोषाच्या बाजूला काहीतरी लिहिलं आणि मला उल्काला फोन लावायला सांगितलं.

"बाबा बोलतंय. वळखलंय गो," तात्या म्हणाले. "हात कमरेक जाता तेवा नजर खाली जाता तिची. लढाईत नजर खाली जावक होयी नाय."

फोन स्पीकरवर होता. उल्का म्हणाली, "तुमची तशीच जायची, बाबा. पडद्याआडसून बघून तीच शिकलंय मी."

तात्यांनी फोन माझ्याकडे दिला. खांद्यावरच्या पंच्याचं टोक डाव्या हाताने डोळ्यांना लावलं. नजर खाली गेली होती.